धर्माजी मास्तरांची ग्रामरची वही

अणे पठार, ता. जुन्नर
१२ जुलै २०२४

मामा,

नमस्कार. फोन केला की तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि मामी कुकर झाला म्हणून स्वयंपाकघरात पळते, तेव्हा पत्रच बरं. लाल पेन मात्र लांब ठेवा. मागच्या पत्रातल्या सात चुका दुरुस्त करून तुम्ही ते मलाच परत पाठवलं होतं, हे मी विसरलेले नाही.

काम असं आहे. आमच्या केंद्राची महिन्यातून एकदा शिक्षण परिषद असते. दहा-बारा शाळांचे शिक्षक जमतात, चहा पितात आणि थोडी चर्चाही करतात. या वेळी तिथं माझ्या गळ्यात एक काम पडलं. इंग्रजी शिकवताना नाऊन, व्हर्ब, टेन्स असली नावं वर्गात घ्यावीत की नकोत, यावर शिक्षकांची मतं गोळा करायची आणि दिवाळीनंतर अहवाल द्यायचा. मी प्रश्नावली काढून बत्तीस जणांना वाटली. तेहतिसावी तुम्हाला पाठवतेय, कारण हायस्कूलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस घरात असताना त्याला सोडून कसं चालेल?

माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. मी नावं घेत नाही. आमची वस्तीवरची शाळा, पहिली ते सातवी, आम्ही दोघं शिक्षक. इंग्रजी मी बोलूनच शिकवते. मुलं मेंढ्यांना इंग्रजीत हाका मारतात, एकमेकांशी इंग्रजीत भांडतात, चुकतात, परत भांडतात. सहावीतल्या आरोहीनं परवा रस्ता चुकलेल्या एका गाडीवाल्याला "गो स्ट्रेट, देन आस्क माय ग्रँडमदर" असं सांगून सरळ आजीकडे धाडलं. आजीनं त्याला चहा पाजून रस्त्याला लावलं.

आता रडगाणं. ही आरोही राघूभाऊंची मुलगी, आणि राघूभाऊ आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. त्यांचा पुतण्या घाटाखाली इंग्रजी माध्यमात जातो. घरी पाहुणे जमले असताना त्यानं नाऊनची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मग सगळ्यांनी आरोहीला विचारलं, तर ती म्हणाली, "नाऊन कोण?"

दुसऱ्या दिवशी राघूभाऊ शाळेत आले. रागावले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरं खेळत्यात ते दिसतंय. शिकत्यात ते कुठं दिसंना." दिवाळीनंतर वस्तीवरची सात मुलं त्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीनं खाली धाडायची, असं ठरत चाललंय. आमचा पट सव्वीस. सात गेली की एकोणीस. वीसच्या आत आलं की शाळा ठेवायची का, यावर कागद फिरायला लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझी काय, बदली होईल. पण उरलेल्या एकोणीस जणांच्या वस्त्यांवर पिवळी गाडी येतच नाही. त्यांनी जायचं कुठं?

प्रश्नावली भरा. खरं लिहा.

तुमची हर्षाली

•

निरगुडसर, ता. आंबेगाव
२० जुलै २०२४

चि. हर्षाली,

आशीर्वाद. पत्रात चार चुका. प्रगती आहे.

प्रश्नावली भरली नाही. "सहमत, अंशतः सहमत, असहमत" असल्या चौकटीत माझं मत मावत नाही. माझं मत ऐक. ज्या वस्तूला नाव नाही ती वस्तू दुकानात मागता येत नाही. सुताराचा पोरगा रंधा म्हणजे काय हे आधी शिकतो, मग लाकडाला हात लावतो. तुझी पोरं इंग्रजी बोलतात म्हणतेस. बोलू देत. पण वाक्य बिघडलं तर कुठं बिघडलं हे त्यांना तू कोणत्या भाषेत सांगणार? "ते मधलं जरा बदल", असं?

मी पाचवीपासून पार्ट्स ऑफ स्पीच पाठ करून घेतले. एप्रिलात कांदे काढताना पोरं सरीतून सरीत व्याख्या म्हणायची. एकाची चुकली की शेजारचा सुधारायचा. घोडनदीच्या या काठाला आजही कुणी पन्नाशीचा गडी अडवून विचार, प्रिपोझिशन काय. नाही सांगितलं तर मला सांग, त्याच्या घरी जातो.

राघूचं मला पटतं. बाप दहावी शिकलेला, त्याला पोरीचं इंग्रजी कळणार कसं? नाऊन मात्र त्यानंही पाठ केला होता. तेवढ्या एका ठिकाणी तो लेकीचा अभ्यास तपासू शकतो, आणि तेच तू काढून घेतलंस.

सोबत माझी वही पाठवतो. निळ्या पुठ्ठ्याची, बासष्ट पानं. तालुक्यात हिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्यात. महिनाभर घे. सात पोरं राहतील, शाळा राहील, माझं नाव काढशील.

तुझी मामी विचारते, तिकडे बाजरीची भाकरी मिळते का.

धर्माजीमामा

•

अणे पठार
२८ ऑगस्ट २०२४

मामा,

भाकरी मिळते. राघूभाऊंची आई बानूबाई दर बुधवारी आणून देतात, सोबत खर्डा. बाकी काही बरं चाललेलं नाही.

आधी हसून घ्या. बत्तीस प्रश्नावल्या परत आल्या. मी कौतुकानं उघडायला बसले. पहिली वाचली, छान. दुसरी वाचली, तीच. तिसरी, तीच. "व्याकरणाच्या संज्ञांचा वापर योग्य त्या ठिकाणी योग्य त्या प्रमाणात व्हावा" हे वाक्य बत्तीस वेळा. अनुभवाच्या रकान्यात सगळ्यांचा अनुभव एकवीस वर्षं, गेल्या जूनमध्ये लागलेल्या अक्षदाताईंचासुद्धा. झालं असं होतं की कुणीतरी आपली भरलेली प्रश्नावली "नमुना" म्हणून ग्रुपवर टाकली. आपल्याकडे वरून आलेला कागद असाच भरतात ना, मग माझाही तसाच भरला. कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही आधीच्या दहा कागदांच्या वेळी वाटलं नव्हतं.

मग पुढच्या परिषदेत मी कागद पिशवीत ठेवले आणि भज्यांच्या ताटाशी बसले. तिथं खरी मतं निघाली. एक सर म्हणाले, नाऊन-व्हर्ब शिकवलं की तास झाल्यासारखा वाटतो, नाहीतर घरी जाताना रिकामं वाटतं. एक बाई म्हणाल्या, मी मराठीतली नावं घेते, नाम आणि क्रियापद, ती पोरांच्या ओळखीची असतात. एकांनी सांगितलं, पाहणीला साहेब आले की तेच विचारतात, म्हणून फळ्यावर तेच असतं. अक्षदाताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, मला स्वतःलाच ती नीट येत नाहीत. म्हणून मी वर्गात कडक राहते, कुणी उलट विचारू नये म्हणून." मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आता हसणं बास. तुमची वही मी तीन आठवडे घेतली. पोरं हुशार आहेत, सतरा पानं पाठ झाली. पण वर्ग गप्प झाला, मामा. आधी आरोही दारातून आत येतानाच सुरू व्हायची. आता तोंड उघडते, थांबते, मनात काहीतरी जुळवते आणि मिटते. काल विचारलं, काय गं? तर म्हणाली, "मॅडम, त्यात व्हर्ब कुठं येतं ते आठवंना, मग कशाला बोलू." तुमच्या वहीनं माझी बोलकी पोरगी मुकी केली. मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही.

वही बंद केली आहे. राघूभाऊंना काय सांगायचं ते बघेन.

हर्षाली

•

निरगुडसर
५ सप्टेंबर २०२४

हर्षाली,

आज शिक्षकदिन. पस्तीस फोन आले, मशीननं शिट्टी मारली तरी सगळे घेतले. सगळे माझ्या वहीतून शिकलेले. एकही मुका नाही.

वही परत पाठव.

धर्माजी

(ताजा कलम. अक्षर शेजारच्या प्राचीचं, सांगतेय मी, मामी. हे दोन दिवस जेवताना बोलत नाहीत. तुझं पत्र तीनदा वाचलं, पण लाल पेन काही घेतलं नाही. तू मनाला लावून घेऊ नको.)

•

अणे पठार
२४ सप्टेंबर २०२४

मामा,

रागावा, पण हे पत्र पूर्ण वाचा. मोठा घोळ झालाय.

काल समितीची बैठक झाली. राघूभाऊ म्हणाले, मॅडम म्हणत्यात पोरांना येतं, आम्ही म्हणतो न्हाई येत, तर बाहेरचा माणूस आणू आणि परीक्षा घेऊ. त्याचं म्हणणं दोघांनी ऐकायचं. मी म्हटलं, चालेल. मग ते खिशातून चिठ्ठी काढून म्हणाले, "माझा मेव्हणा सोमाजी ज्यांच्याकडं शिकला ते निरगुडसरचे धर्माजी गुरुजी. लई कडक माणूस. त्यांनी पोरं पास केली तर सातबी इथंच ऱ्हातील. नापास केली तर दिवाळीनंतर गाडी."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसले. त्रयस्थ म्हणून त्यांनी शोधून शोधून माझा मामा काढला, आणि हे त्यांना माहीत नाही. शनिवारी ५ ऑक्टोबरला परीक्षा. राघूभाऊंचं पत्र तुम्हाला येईलच.

सांगू की नको? सांगितलं तर ते दुसरा कुणी आणतील. नाही सांगितलं तर मला रात्री झोप लागायची नाही. आणि खरं सांगते, मामा, तुम्ही काय विचारणार हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मला तुमचीच जास्त भीती वाटते. एक दिवस फक्त त्यांना बोलू द्या. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही.

हर्षाली

•

निरगुडसर
२९ सप्टेंबर २०२४

हर्षाली,

राघूचं पत्र आलं. येतो म्हणून कळवलं.

नातं आधी सांग, मगच मी पठारावर पाय ठेवीन. दुसरं, परीक्षेच्या वेळी तू वर्गात थांबायचं नाही. तिसरं, मी जे चौतीस वर्षं विचारलं तेच विचारणार. भरतला, माझ्या पोटच्या पोराला, मी सहामाहीत नापास केला होता आणि तुझ्या मामीनं, ठकूबाईनं, आठ दिवस मला फोडणीशिवाय आमटी वाढली होती. तुझ्यासाठी नियम बदलला तर तेव्हाची आमटी फुकट गेली.

मामा

•

निरगुडसर
७ ऑक्टोबर २०२४

हर्षाली बाळ,

परवा परीक्षा संपल्यावर तुला न भेटता निघालो. तू ऑफिसच्या दारात उभी होतीस ते दिसलं होतं. राघूला म्हटलं, निकाल लिहून पाठवतो, आणि आळेफाट्याची गाडी धरली. काय झालं ते तुला कुणी नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

नातं तू आधीच सांगितलं होतंस. राघू म्हणाला, "मामा असंना का, ह्यो मास्तर सख्ख्या पोराला सोडत न्हाई म्हणत्यात." मला बरं वाटलं. छाती काढून वर्गात बसलो. पाठीमागं पालक, दाराशी बानूबाई, घोंगडी अंथरून.

मी नाऊन विचारला. सगळ्यांनी एका सुरात सांगितला. व्हर्ब, सांगितलं. टेन्सचे प्रकार, सांगितले. माझ्या वहीतला शब्द न् शब्द, पान चाळीसपर्यंत. म्हणजे तू वही परत तर पाठवली नाहीसच, पण बंदही केली नव्हतीस, किंवा परत उघडलीस. घाबरलीस. शाळा जाईल म्हणून शेवटच्या आठवड्यात पोरांकडून घोटून घेतलंस. तुझ्याजागी मीही तेच केलं असतं, म्हणून रागावत नाही. राघूचा चेहरा उजळला. मी पास म्हणणारच होतो.

तेवढ्यात बानूबाई म्हणाल्या, "मास्तर, ह्ये झालं सांगून. बाजारात मेंढा इकायला न्हेला तर मालक सांगतोच की, दात असं हायेत, पाय असं हायेत. घेणारा काय त्यावर घेत न्हाई. म्हणतो, चालवून दाव. आता ही पोरं जरा चालवून दावा."

राघू म्हणाला, आये, गप. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. आरोहीला उभी केली. म्हटलं, आता आपण इंग्रजीत बोलू. आणि तोंड उघडलं.

हर्षाली, माझ्या तोंडातून शब्द निघेना. पुस्तकातलं वाक्य मी झोपेतही वाचीन. पण समोर उभ्या पोरीला, तिचं नाव-गाव, तिच्या मेंढ्या, काय विचारायचं? मनात वाक्य जुळवतोय, व्हर्ब कुठं, टेन्स कोणता, आणि कपाळावर घाम. तुला आज सांगतो, हे पहिल्यांदा घडलं नाही. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या प्रशिक्षणात एका परदेशी पाहुण्यानं मला चहाच्या वेळी काहीतरी साधं विचारलं होतं. मी हसलो आणि शौचालयात जाऊन बसलो, तास सुरू होईपर्यंत. त्यानंतर वर्गाबाहेर इंग्रजीचं एक वाक्य बोललो नाही. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि बोललो नाही. ठकूबाईलाही हे माहीत नाही. तू लिहिलंस की अक्षदाबाई कुणी उलट विचारू नये म्हणून कडक राहतात, ते पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्यावरच्या रागानं वाचलं नव्हतं.

वर्गात सगळे माझ्याकडं बघत होते. मग ती आरोही पुढं आली. तीही ऑगस्टपासून गप्प म्हणतेस ना. माझ्या खुर्चीशी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, यू आर अफ्रेड? आय ऑल्सो."

मी म्हटलं, "येस."

ती म्हणाली, "कम. आय शो माय शीप."

आणि माझं मनगट धरून मला बाहेर मेंढ्यांच्या वाड्यापाशी घेऊन गेली. मेंढ्यांत उभं राहून आम्ही बोललो. कोणती लबाड, कोणती आजारी, कोणती आजीची लाडकी. मी चुकलो, तीही चुकली. पाच-सहा वाक्यांनंतर मी मनात जुळवायचं सोडून दिलं. मागून सगळी पोरं आली आणि सगळी एकदम बोलायला लागली. मशीन बंद करावं लागलं, इतका गलका.

माझे डोळे भरून आले, आणि ते तू बघू नयेस म्हणून गाडी धरली. निकाल राघूला आजच पोस्टात टाकला.

तुझा मामा

•

अणे पठार
१७ ऑक्टोबर २०२४

धर्माजी गुरुजी यांना राघूचा राम राम.

तुमचा निकालाचा कागद मिळाला. काल समितीत मीच मोठ्यानं वाचला. त्यात दोनच वळी व्हत्या. "विद्यार्थी उत्तीर्ण. परीक्षक अनुत्तीर्ण, त्यांना पुन्हा बसण्याची संधी मिळावी." आमी सगळे येकमेकाकडं बघाय लागलो. मॅडम तर उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या ऱ्हायल्या.

गुरुजी, मी दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्लेला माणूस. मला वाटायचं नाऊन आला म्हंजी इंग्रजी आलं, कारण मला तेवढंच ऐकू येत व्हतं. त्या दिवशी वाड्यापाशी माझी पोरगी बोलत व्हती ते मला कळलं न्हाई, पर ती भीत न्हाई येवढं कळलं. आणि तुमच्यासारखा माणूस माझ्या पोरीसमोर "येस" म्हणला, ते मी जल्मात इसरायचो न्हाई.

मॅडमनी आता नवीन काढलंय. आधी बोलायचं, आणि पोरानं सोताहून इचारलं, की ह्याला काय म्हणत्यात, तर मग नाव सांगायचं. आरोही रोज दोन-तीन इचारून येती आणि मला सांगती. मला बी पाठ व्हाय लागलंय.

तर ठराव असा झाला. सातबी पोरं हितंच ऱ्हाणार, पिवळ्या गाडीला न्हाई म्हणून कळवलं. पर आमची येक अट हाये. तुमी संधी मागितली ती आमी मंजूर केली. दर शनिवारी सकाळी तुमी हिकडं यायचं आणि पोरांबरूबर बसून बोलाय शिकायचं. भाकरी आयेकडं.

आपला,
राघू, अध्यक्ष

•

निरगुडसर
२२ ऑक्टोबर २०२४

राघूभाऊ,

राम राम. अट मान्य.

घरी सराव सुरू केलाय. ठकूबाईला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नाही, तरी ती मला मराठीत बरोबर उत्तरं देते, त्यामुळे गाडी चालते. काल मी तिला इंग्रजीत चहा मागितला आणि मिळाला.

शनिवारी सकाळी मंचरची पहिली गाडी धरतो. वर्गात मला खुर्ची ठेवू नका, मी पोरांच्या बसकरपट्टीवर बसेन. गुडघे दुखतात, पण उठताना कुणीतरी हात देईल.

आणि हर्षालीला माझा निरोप सांगा. हजेरीच्या वहीत सव्वीस नावं आहेत, त्याखाली पेन्सिलनं का होईना, एक ओळ जास्त आखून ठेव. पट आजपासून सत्तावीस.

आपला विद्यार्थी,
धर्माजी